मंदीतली हवा : प्रस्तावना

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत किती पाळ्या चालू आहेत, हे इंदिरानगरात राहणाऱ्याला कुणाला विचारावे लागत नाही. मुंबई-आग्रा महामार्गाच्या एका अंगाला सिडको आणि त्यामागे अंबड, तर दुसऱ्या अंगाला इंदिरानगर. पहिल्या पाळीच्या वेळी महामार्गाखालच्या बोगद्यात दुचाक्यांची दाटी किती, कंपन्यांच्या बसगाड्या किती, पाथर्डी फाट्यावर माल भरलेल्या टेम्पोंची रांग कुठवर, यावरून बाजार तेजीत आहे की मंदीत हे घराघरात कळते. बोगद्यातून गाडी न थांबता निघाली, तर त्या आठवड्यात कुणाच्या तरी घरी पगार अर्धा आलेला असतो.

हवेचे मात्र असे नाही. ती सुधारली की बिघडली, हे डोळ्यांना सहसा कळत नाही, आणि कळले तरी कशामुळे ते कळत नाही. काम थंडावले की शहराची हवा खरेच सुधारते का? सुधारली तर किती, आणि किती दिवस? ती कुणाच्या पदरचे जाऊन सुधारते? काम परतले की त्या सुधारणेचे काय होते? या पुस्तकाचा विषय एवढाच आहे.

हा विषय काढला की समोरचा सावध होतो. मंदीत हवा स्वच्छ होते असे म्हणणारा माणूस मंदी मागतो आहे की काय, असे त्याला वाटते. म्हणून आधीच स्पष्ट सांगतो. अंबड आणि सातपूर या वसाहती बंद पडून मिळणारी स्वच्छ हवा मला नको आहे. महामार्गाच्या दोन्ही बाजूंची घरे याच कंपन्यांच्या पगारावर उभी राहिली, मुलांची शिक्षणे त्यावर झाली. पण मंदीच्या काळात हवेत जे घडते ते नीट पाहिले, तर एरवी लपलेल्या कितीतरी गोष्टी दिसतात. कारखान्यांचा वाटा किती, वाहनांचा किती, रस्त्यावरच्या धुळीचा किती, हे सगळे चालू असताना वेगळे काढता येत नाही. एखादा हिस्सा थांबला की ते वेगळे होऊ लागते. जगातल्या संशोधकांनी मंदीकडे याच नजरेने पाहिले आहे.

नाशिकचे अलीकडचे बोलायचे तर सुरुवात २०२० पासून नव्हे, २०१९ पासून करायला हवी. टाळेबंदी सर्वांच्या लक्षात आहे, पण ती मंदी नव्हती, ती बंदी होती. मंदी हळूहळू येते, एकेक पाळी खात येते. २०१९ चा पावसाळा तसा होता. त्या ऑगस्टमध्ये देशातली प्रवासी वाहनांची विक्री आदल्या वर्षीच्या ऑगस्टपेक्षा ३१.५७ टक्क्यांनी घसरली. वाहन उत्पादकांच्या 'सियाम' या संघटनेने १९९७-९८ पासून हे आकडे ठेवायला सुरुवात केली, तेव्हापासूनची ती सर्वांत मोठी घसरण होती. महिंद्राने त्या तिमाहीत आपल्या कारखान्यांत ८ ते १४ दिवस उत्पादन बंद ठेवण्याचे जाहीर केले. सातपूरच्या बॉशमध्येही उत्पादनबंद दिवस आले. जुन्या नाशिककरांच्या तोंडी ही कंपनी अजूनही 'मायको'च आहे, आणि डिझेल इंजिनात इंधन फवारणारे सुटे भाग ही तिची ओळख आहे.

मोठ्या कंपनीचे शेड्यूल कमी झाले की लगेच व्हेंडरची रात्रपाळी बंद होते. मग प्लेटिंगवाला, पावडर कोटिंगवाला, हीट ट्रीटमेंटवाला. मग दोन-तीन यंत्रांवर जॉबवर्क करणारी शेड. मग माल नेणारा टेम्पोवाला, मग कंपनीच्या गेटसमोरचा चहावाला आणि खानावळ. सर्वांत आधी घरी बसतो तो कंत्राटी कामगार, कारण त्याला घरी बसवायला कुणाची परवानगी लागत नाही. धुराची साखळीही जवळपास याच क्रमाने आक्रसते. बॉयलर आणि भट्ट्या कमी तास चालतात, मालवाहू गाड्यांच्या फेऱ्या घटतात, रंगकामातली द्रावके कमी उडतात. कागदावर पाहिले तर हे सरळ आहे : काम कमी, इंधन कमी, धूर कमी.

त्याच वर्षी नाशिकच्या कारखानदारीत आणखी एक वाक्य कानावर पडत होते : प्रदूषणाच्या नियमांनीच धंदा बसवला. १ एप्रिल २०२० पासून वाहनांच्या धुराची भारत स्टेज-६ (बीएस-६) मानके लागू होणार होती, आणि त्या तारखेनंतर बीएस-४ वाहन विकता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये बजावले होते. ग्राहक थांबला होता हे खरे. पण त्याच सुमारास आयएलअँडएफएस ही वित्तकंपनी कोसळल्यापासून वाहनकर्ज देणाऱ्या वित्तसंस्थांचे हात आखडले होते, आणि गावोगावची मागणीही बसली होती. शिवाय बीएस-५ ओलांडून थेट बीएस-६ वर जाण्याचा निर्णय जानेवारी २०१६ मध्येच जाहीर झालेला होता. तयारीला चार वर्षे मिळालेल्या नियमाला मंदीचा बाप ठरवणे मला पटत नाही.

त्या नियमाने काय दिले तेही पाहायला हवे. डिझेलमधल्या गंधकाची मर्यादा दशलक्ष भागांत ५० वरून १० वर आली. डिझेल मोटारीच्या नळीतून निघणाऱ्या कणांची मर्यादा किलोमीटरमागे ०.०२५ ग्रॅमवरून ०.००४५ ग्रॅमवर आली, म्हणजे ८२ टक्क्यांनी कमी झाली. नायट्रोजनच्या ऑक्साइडांची ०.२५ वरून ०.०८ झाली. एकाच शहरात, जवळपास त्याच महिन्यांत, धूर कमी करण्याचे दोन मार्ग शेजारी शेजारी आले होते. एकात गाडी बनतच नव्हती, दुसऱ्यात बनणारी गाडी कमी धूर सोडणार होती. पहिल्याचा लाभ मागणी परतली की संपतो. दुसऱ्याचा लाभ प्रत्येक नव्या गाडीबरोबर साठत जातो. या पुस्तकात पुढे जे काही आहे, ते या दोन मार्गांतल्या फरकाभोवतीच फिरते.

अर्थशास्त्रज्ञ जीन ग्रॉसमन आणि ॲलन क्रूगर यांनी १९९० च्या दशकात अर्थव्यवस्था आणि प्रदूषण यांच्या नात्याचे तीन धागे सुटे केले : काम किती होते, कोणते होते आणि कोणत्या रीतीने होते. त्यांचा विचार वाढीबद्दल होता, पण तो मंदीलाही लागू पडतो. मंदीत पहिला धागा सैल होतो, हे सगळ्यांना दिसते. दुसऱ्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही. नाशिकसारख्या शहरात वाहनउद्योग आणि बांधकाम आधी बसतात, अन्नप्रक्रिया आणि औषधे टिकतात, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. तिसऱ्याकडे मात्र फारसे कुणी पाहत नाही, आणि मला वाटते खरी मेख तिथेच आहे.

भट्टीचा बर्नर वेळच्या वेळी साफ केला नाही तर तेल नीट जळत नाही आणि काजळी वाढते. धूळ पकडणाऱ्या बॅग फिल्टरच्या पिशव्या ठरावीक काळाने बदलाव्या लागतात, जनरेटरचे सर्व्हिसिंग करावे लागते. हातात पैसा नसला की मालक म्हणतो, पुढच्या महिन्यात बघू. तो लबाड असतो म्हणून नव्हे. त्याला आधी पगार द्यायचा असतो, बँकेचा हप्ता भरायचा असतो, आणि मोठ्या कंपनीकडून यायचे बिल तीन महिने थकलेले असते. मग त्यातल्या त्यात स्वस्त इंधन शोधले जाते : हलक्या प्रतीचे तेल, लाकडाचे तुकडे, कधी त्याहून वाईट काही. भट्टी अर्ध्या भाराने चालते, आणि ती तापवायला लागणारे इंधन तर जवळपास तेवढेच असते. एकूण धूर घटतो, पण टनभर मालामागचा धूर वाढतो.

रस्त्यावरही तेच. नवा टेम्पो घ्यायचा बेत पुढे ढकलला जातो, जुन्याचे इंजिन आणखी दोन वर्षे ओढले जाते. नव्या गाड्यांची विक्री तिसऱ्या हिश्शाने पडते तेव्हा तेवढ्या जुन्या गाड्या रस्त्यावरच राहतात. बोगद्यात गर्दी कमी असते हे खरे, पण चढावर काळा धूर ओकणारी गाडी बहुधा याच काळात जास्त दिसते. मंदीचा हा भाग विक्रीच्या आकड्यांत येत नाही, आणि मंदी सरल्यावर तो आपोआप जातही नाही. ढकललेली दुरुस्ती तेजीतही ढकललेलीच राहते, कारण तेव्हा यंत्र थांबवायला वेळ नसतो.

विजेचे गणित आणखी निराळे आहे. इंदिरानगरच्या पूर्वेला एकलहऱ्याचे औष्णिक वीजकेंद्र आहे. तिथले २१० मेगावॉटचे तीन संच चाळीस वर्षांहून जुने आहेत. विजेची मागणी घटली की राज्यात कोणता संच आधी बंद ठेवायचा, हे त्याच्या धुरावरून ठरत नाही, युनिटमागच्या इंधनखर्चावरून ठरते. एकलहरे कोळसाखाणींपासून लांब आहे आणि संच जुने आहेत, त्यामुळे तिथली वीज महाग पडते. म्हणून मंदीत या केंद्रावर गदा लवकर येते, आणि नाशिकची त्या दिशेची हवा थोडी हलकी होते. इथे महाग आणि मळकट एकच निघाले, हा योगायोग आहे. विदर्भातल्या खाणींच्या कुशीतली केंद्रे स्वस्त असतात, ती मंदीतही धुमसत राहतात. म्हणजे मंदीचा लाभ सगळ्या शहरांना सारखा मिळत नाही. चंद्रपूरच्या माणसाला नाशिकची गोष्ट सांगून काही उपयोग नाही.

आता जरा दूर जाऊ, कारण या विषयाचा सर्वांत भक्कम पुरावा आपल्याकडचा नाही. अमेरिकेतल्या युटा राज्यात, युटा खोऱ्यात, जिनिव्हा नावाचा पोलाद कारखाना होता. कामगार आणि व्यवस्थापन यांच्यातल्या तंट्यामुळे तो ऑगस्ट १९८६ पासून तेरा महिने बंद राहिला, आणि सप्टेंबर १९८७ मध्ये पुन्हा सुरू झाला. तिथलेच एक अर्थशास्त्रज्ञ सी. आर्डेन पोप यांनी रुग्णालयांची दप्तरे काढली. कारखाना चालू असलेल्या हिवाळ्यांत श्वसनाच्या विकारांनी दाखल होणाऱ्या मुलांची संख्या बंद असलेल्या हिवाळ्याच्या दुपटी-तिपटीची होती. १९८९ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि हवेतले बारीक कण माणसाचे नेमके काय करतात, याबद्दलच्या पुढच्या साऱ्या संशोधनाला त्याने दिशा दिली. धूर निघतो आहे म्हणजे रोजगार आहे, हे तिथल्या लोकांना ठाऊक होते. त्याची किंमत मुलांच्या छातीतून वसूल होत होती, हे ते तेरा महिने आले नसते तर कळले नसते.

दुसरा अभ्यास थेट मंदीचा आहे. १९८१-८२ ची अमेरिकेतली मंदी तिथल्या अवजड उद्योगावर कोसळली. काही परगण्यांत कारखाने धडाधड बंद झाले, शेजारच्या परगण्यांत फारसे काही झाले नाही. केनेथ चे आणि मायकेल ग्रीनस्टोन यांनी या फरकाचा उपयोग केला. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार हवेतले तरंगते कण १ टक्क्याने घटले की बालमृत्यूंचे प्रमाण सुमारे ०.३५ टक्क्याने घटते. १९८० ते १९८२ या काळात कण घटल्यामुळे सुमारे २,५०० तान्ही मुले वाचली, असा त्यांचा हिशेब आहे. ज्या घरांतल्या बापाचे काम गेले होते, त्यांतल्याच काही घरांत ही मुले वाचली असणार. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हापासून या विषयाने मला सोडलेले नाही.

अलीकडे, २०२४ मध्ये, एमी फिंकलस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७-०९ च्या महामंदीचा असाच शोध घेतला. जिथे बेरोजगारी जास्त वाढली तिथे मृत्युदर जास्त घटला, आणि त्या घटीचा तिहाईहून अधिक भाग हवा सुधारल्यामुळे होता, असे त्यांना आढळले. हे निष्कर्ष अमेरिकेतले आहेत. काम गेलेल्याला तिथे बेकारभत्ता मिळतो, आपल्या नाका कामगाराला मिळत नाही. त्यामुळे मृत्युदर घटण्याची गोष्ट जशीच्या तशी उचलून आपल्याकडे लावणे चुकीचे होईल. पण धुराबद्दल जे सिद्ध झाले ते सीमा ओलांडून येते, कारण फुप्फुस तेच आहे.

ग्रीसने याची दुसरी बाजू दाखवली. २००८ नंतर तिथली अर्थव्यवस्था खचली, तेव्हा उपग्रहांना अथेन्सवरचा नायट्रोजन डायऑक्साइड ३० ते ४० टक्क्यांनी उतरलेला दिसला. गाड्या कमी धावत होत्या, कारखाने थंडावले होते. मग सरकारने तिजोरी भरण्यासाठी २०१२ च्या शरदात घर तापवायच्या तेलावर मोठा कर लावला. लोकांनी शेकोटीची चूल पेटवली. थेसालोनिकी शहरात २०१३ च्या हिवाळ्यात पीएम २.५ कण आदल्या हिवाळ्यापेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी वाढले, आणि लाकूड जळाल्याची रासायनिक खूण त्या कणांत स्पष्ट सापडली. नळीतला आणि धुराड्यातला धूर गेला, त्याची जागा गरिबीच्या धुराने घेतली.

आपल्याकडे घर तापवावे लागत नाही, पण स्वयंपाक करावा लागतो, पाणी तापवावे लागते. मंदीत घरचे उत्पन्न घटले की गॅसचा सिलिंडर दीड महिन्याऐवजी तीन महिने पुरवला जातो. आंघोळीचे पाणी मागच्या अंगणात सरपणावर तापते. बांधकामावरच्या मजुरांच्या पालांत तर चूल कधी विझलेलीच नसते. एप्रिल २०२० मध्ये पेट्रोलचा देशातला खप ६० टक्क्यांनी आणि डिझेलचा ५५ टक्क्यांनी घटला असताना स्वयंपाकाच्या गॅसचा खप मात्र वाढला, कारण उज्ज्वला योजनेतल्या घरांना तेव्हा तीन सिलिंडर फुकट देण्यात आले होते. हातात पैसा नसलेल्या घरानेही स्वच्छ इंधन मिळताच ते वापरले. सरकारच्या एका निर्णयाने मंदीतला धूर कोणत्या दिशेला जाईल, हे ठरवता येते. ग्रीसच्या सरकारने उलटा निर्णय घेतला होता, एवढाच फरक.

टाळेबंदीबद्दल थोडेच, कारण त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. २५ मार्च २०२० पासून देश थांबला. त्या एप्रिल-जून तिमाहीत देशाचे सकल उत्पादन २३.९ टक्क्यांनी घटल्याचा पहिला अंदाज आला. देशातल्या २२ शहरांचा एक अभ्यास त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. त्यात आधीच्या वर्षांतल्या त्याच आठवड्यांशी तुलना होती, आणि ती तशीच करायला हवी. हिवाळ्यात नाशिकची हवा जमिनीलगत साठते, मार्चअखेर ऊन तापले की ती वर उठते, त्यामुळे जानेवारीशी एप्रिलची तुलना करून आनंद मानण्यात अर्थ नाही. त्या अभ्यासात पीएम २.५ कण ४३ टक्क्यांनी, पीएम १० कण ३१ टक्क्यांनी आणि नायट्रोजन डायऑक्साइड १८ टक्क्यांनी घटलेला दिसला. ओझोन मात्र १७ टक्क्यांनी वाढला. गाड्यांच्या धुरातला नायट्रिक ऑक्साइड एरवी ओझोनला खाऊन टाकतो, तो नाहीसा झाला आणि ओझोन मोकळा राहिला. सगळा देश बंद ठेवूनही हवा पूर्ण स्वच्छ होत नाही, हे त्या महिन्यांनी दाखवले. जे उरले ते धुळीचे, चुलीचे, जाळलेल्या कचऱ्याचे आणि वीजकेंद्रांचे होते.

त्याच हवेत इंदिरानगरच्या शेजारून, मुंबई-आग्रा महामार्गावरून, मुंबई-ठाण्याकडचे मजूर कसारा घाट चढून मध्य प्रदेश आणि उत्तर प्रदेशाच्या दिशेने पायी चालले होते. १ मे रोजी, महाराष्ट्र दिनी आणि कामगार दिनी, देशातल्या पहिल्या श्रमिक विशेष गाड्यांपैकी एक रात्री नाशिकरोडहून भोपाळकडे सुटली. दुसऱ्या दिवशी एक लखनौकडे गेली. त्या दिवसांतल्या स्वच्छ आकाशाची छायाचित्रे आपण एकमेकांना पाठवली. त्यावर मी टीका करत नाही, लोक घाबरलेले होते आणि आकाश सुंदर होते. पण हवेच्या आकड्यांचा कोणताही तक्ता या गाड्यांशिवाय पुरा होत नाही, असे मला वाटते, म्हणून त्यांची नोंद इथे करतो.

नाशिकची हवा मोजली कशी जाते, हेही वाचकाने जाणून घ्यायला हवे. राष्ट्रीय हवा संनियंत्रण कार्यक्रमातली पारंपरिक केंद्रे आठवड्यातून दोनदा, वर्षाला १०४ दिवस, हवेचा नमुना घेतात. एखाद्या कंपनीने आठ दिवस उत्पादन बंद ठेवले, तर त्या आठवड्यात फार तर दोन नमुने हाती लागतात. सलग, तासातासाला मोजणारे केंद्र टाळेबंदीच्या काळात गंगापूर रोडला होते. तो भाग शहराच्या दुसऱ्या टोकाला, धरणाच्या आणि मळ्यांच्या बाजूला आहे. अंबड एमआयडीसी, पांडवनगरी आणि हिरावाडी इथली सलग केंद्रे नंतर आली. म्हणजे २०१९ ची मंदी ज्या हवेतून गेली, ती हवा अंबड-इंदिरानगरात तासातासाला मोजली जात नव्हती. त्या मंदीचा परिणाम तिथे किती झाला, हे दशांश चिन्हासह सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पुढची मंदी मात्र मोजली जाईल. पांडवनगरी आपल्या वस्तीला लागून आहे, आणि तिथले आकडे कुणालाही मोबाइलवर पाहता येतात.

मोजणीचा प्रश्न केवळ अभ्यासकांचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला. महाराष्ट्रातल्या ज्या शहरांची हवा मानकांत बसत नव्हती, त्यांत नाशिकचे नाव होते. २०१७ ची पातळी पायाभूत धरून २०२४ पर्यंत कण २० ते ३० टक्क्यांनी घटवायचे, असे पहिले लक्ष्य होते. पुढे ते वाढवून २०२५-२६ पर्यंत ४० टक्के केले गेले. आता हे पाहा : याच मधल्या वर्षांत वाहनउद्योगाची मंदी येऊन गेली, टाळेबंदी येऊन गेली, बीएस-६ लागू झाले, महापालिकेने रस्ते झाडण्याची यंत्रे आणली, जुलै २०२१ मध्ये सिटीलिंकच्या बस सुरू झाल्या आणि त्यांतल्या बहुतेक सीएनजीवर चालतात. कण घटले असतील तर श्रेय कुणाचे? कार्यक्रमाचा अहवाल सगळे आपल्या नावावर घेईल, आणि एखादा रागावलेला नागरिक सगळे मंदीच्या नावावर टाकेल. दोघांनाही हिशेब मागायला हवा. युरोपात हा हिशेब झाला आहे. पॅट्रिशिया कास्टेलानोस आणि के. फोल्कर्ट बुर्स्मा यांनी २०१२ मध्ये उपग्रहांच्या नोंदींवरून दाखवले की तिथल्या नायट्रोजन ऑक्साइडांची घट काही अंशी नियमांमुळे संथपणे होत होती, आणि २००८-०९ मध्ये तिला मंदीची तीव्र जोड मिळाली. नाशिकसाठी असे काम एखाद्या इथल्याच विद्यार्थ्याने करावे, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

मंदी संपल्यावर काय होते, यावर पुस्तकाचा शेवटचा तिसरा भाग आहे, कारण नुकसान बहुधा तिथेच होते. २००९ मध्ये जगाचे कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन १.४ टक्क्यांनी घटले आणि २०१० मध्ये ५.९ टक्क्यांनी वाढले. जे वाचले होते ते एका वर्षात कित्येक पटींनी परत गेले. त्यात चीनचा वाटा मोठा होता. मंदी रोखण्यासाठी त्या सरकारने ४ लाख कोटी युआन ओतले, त्यातले बरेच रस्ते, रेल्वे आणि इमारतींत गेले, म्हणजे पोलाद आणि सिमेंटमध्ये गेले. जानेवारी २०१३ मध्ये बीजिंग ज्या धुरक्यात बुडाले, त्यामागे त्या वर्षांतला कोळसाही होता.

मंदीतून वर यायचे तर बांधकाम काढायचे, ही सरकारांची जुनी रीत आहे, आणि रोजगाराच्या दृष्टीने तिला अर्थ आहे. फक्त तिची धूळ कुठे बसते, हे आधी ठरवावे लागते. नाशिकला आता २०२७ चा सिंहस्थ कुंभमेळा आहे. त्यासाठी शहराभोवतीचे रस्ते, घाट आणि पूल यांची कामे निघाली आहेत, हजारो हातांना काम मिळते आहे. खणलेल्या रस्त्यावर पाणी मारले जाते का, माती नेणारा डंपर ताडपत्रीने झाकलेला असतो का, सिमेंट मिसळायचे यंत्र वस्तीपासून किती अंतरावर आहे, या गोष्टींना फार पैसा लागत नाही. महामार्गाकडेच्या इंदिरानगरातल्या खिडक्यांवर बसणारी धूळ कारखान्यांपेक्षा या कामांची जास्त असते, असा माझा अंदाज आहे. पीएम १० कणांत धुळीचा वाटा मोठा असतो, म्हणून तो अगदीच निराधार नसावा.

मंदीनंतर मागे उरते ती केवळ धूळ नव्हे, दुचाक्याही. कोरोनाच्या साथीच्या काळात शहरातली बस बंद होती, शेअर रिक्षात बसायची भीती होती. ज्यांना जमले त्यांनी हप्त्यावर दुचाकी घेतली, बहुतेकांनी सेकंडहँड घेतली. साथ गेली, पण घेतलेली दुचाकी बसची वाट पाहायला शिकत नाही. मंदीने माणसांच्या सवयी बदलतात आणि त्या सवयी मंदीपेक्षा जास्त टिकतात. म्हणून शहराने आपली बस मंदीत आधी कापू नये, शेवटी कापावी.

पुस्तकात तीन भाग आहेत. पहिल्यात २००८ पासूनच्या आर्थिक धक्क्यांत नाशिकच्या उद्योगाचे काय झाले ते आहे. त्यात ८ नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदीही येते. नाशिकरोडच्या चलार्थपत्र मुद्रणालयात तेव्हा जादा पाळ्यांत नोटा छापल्या जात होत्या, आणि काही किलोमीटरवर रोखीत पगार देणाऱ्या छोट्या शेड रिकाम्या होत्या. दुसऱ्या भागात हवेचे विज्ञान आहे. तो शाळेतले रसायनशास्त्र विसरलेल्या माणसालाही वाचता यावा असा प्रयत्न केला आहे. तिसरा भाग परतीच्या काळाचा. आलेखांची ज्यांना धास्ती वाटते त्यांनी दुसरा भाग सोडून तिसरा वाचला तरी हरकत नाही.

तिसऱ्या भागातला एक प्रस्ताव इथेच मांडतो, कारण त्यासाठीच मी हे पुस्तक लिहायला बसलो. मे २०२० मध्ये केंद्र सरकारने लघुउद्योगांसाठी ३ लाख कोटी रुपयांच्या विनातारण कर्जाची हमी योजना जाहीर केली. अनेक शेड तिच्यामुळे तगल्या. तो पैसा पगाराला, कच्च्या मालाला, थकलेल्या बिलांना गेला, आणि तसाच जायला हवा होता. पण भट्टी बदलायची, बर्नर नवा बसवायचा, तेलावरून पाइपच्या गॅसवर जायचे, फिल्टर बसवायचा, तर यंत्र थांबलेले असावे लागते. तेजीत ते थांबत नाही. मंदीत ते थांबलेले असते, पण तेव्हा पैसा नसतो. पुढच्या हमी योजनेत एक छोटा हिस्सा फक्त या बदलासाठी ठेवावा, व्याज नाममात्र असावे, आणि काम बंद असलेल्या दिवसांत घरी पाठवायच्या कामगारांनाच ते बसवण्याच्या कामावर पूर्ण पगारात ठेवावे. अंबडमध्ये फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन यांची कमतरता नाही, मंदीत तर नाहीच. निमा आणि आयमा या इथल्या उद्योजकांच्या संघटनांनी, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने आणि कामगार संघटनांनी एकत्र बसून आधीच यादी करून ठेवावी : कोणत्या शेडमध्ये कोणती भट्टी, तिचे इंधन काय, ती बदलायला किती दिवस आणि किती खर्च लागेल. यादी करायला मंदी यावी लागत नाही. ती आजही करता येते.

इंदिरानगर, नाशिक